परदेश सहलीचा समुद्रकिनारा सुट्टीचा महिना पाहून ठरवावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या रविवारच्या पुरवणीत गेले काही आठवडे दिवाळीच्या सुट्टीतील परदेश सहलींविषयीचे लेख आणि जाहिराती शेजारी शेजारी छापून येत आहेत. शहरे आणि समुद्रकिनारा यांची सांगड घालणाऱ्या कौटुंबिक सहलींमध्ये व्हिएतनामचे नाव आता थायलंडच्या बरोबरीने घेतले जाते आणि ते योग्यच आहे. मुंबईहून हनोई आणि हो ची मिन्ह सिटी या दोन्ही शहरांना थेट विमाने आहेत, प्रवास साधारण पाच तासांचा आहे आणि तेथील घड्याळ आपल्यापेक्षा केवळ दीड तास पुढे असल्यामुळे लहान मुलांच्या अथवा वयस्कर मंडळींच्या झोपेचे वेळापत्रक बिघडत नाही. माझा आक्षेप वेगळा आहे. हनोई, हा लॉन्ग, दा नांग, होई आन आणि शेवटी हो ची मिन्ह सिटी हा जो ठरीव मार्ग या जाहिरातींत दिसतो, तो मे महिन्याच्या सुट्टीसाठीही तोच असतो आणि दिवाळीच्या सुट्टीसाठीही तोच. शाळेत भूगोल शिकवण्यात माझी उमेदीची वर्षे गेली असल्यामुळे हे पाहून मला स्वस्थ बसवत नाही, आणि म्हणून हे पत्र थोडे विस्ताराने लिहीत आहे.

व्हिएतनाम हा उत्तर-दक्षिण सोळाशे किलोमीटरांहून अधिक लांब पसरलेला, मध्यभागी अत्यंत चिंचोळा असलेला देश आहे. त्याच्या पश्चिम अंगाने, लाओसच्या सरहद्दीवरून, त्रुओंग सॉन नावाची डोंगररांग जाते. आपल्याकडे सह्याद्रीमुळे महाबळेश्वरात धो-धो पाऊस कोसळत असताना खाली वाईत आणि पुढे माणदेशात जे घडते, तेच या डोंगररांगेमुळे तेथे घडते. फरक इतकाच की तेथील मध्य किनारा डोंगराच्या पूर्वेला आहे. त्यामुळे मे ते ऑगस्टमध्ये नैर्ऋत्येकडून येणारे वारे आपले पाणी लाओसच्या बाजूला सांडून येतात आणि दा नांगच्या किनाऱ्यावर उतरेपर्यंत कोरडे व तापलेले असतात. त्या काळात तेथे ऊन कडक असले तरी समुद्र शांत असतो. सप्टेंबरनंतर वारे फिरतात. ईशान्येकडून येणारे वारे समुद्रावरून बाष्प उचलून थेट त्रुओंग सॉनच्या पूर्व उतारावर आदळतात, आणि मध्य किनाऱ्यावरील हुए, दा नांग व होई आन या पट्ट्यात वर्षभराच्या पावसाचा मोठा वाटा सप्टेंबर ते डिसेंबर या चार महिन्यांत पडतो. त्यातही ऑक्टोबर आणि नोव्हेंबर हे सर्वांत जोराचे महिने. तामिळनाडूच्या किनाऱ्यावर आपला पावसाळा संपल्यानंतर पाऊस का पडतो, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना यात नवल वाटणार नाही. शिवाय पॅसिफिकमध्ये उठणारी वादळे याच काळात मध्य किनाऱ्याकडे सरकतात.

म्हणजे आपली दिवाळीची सुट्टी आणि होई आनचा पूरकाळ हे जवळजवळ एकाच वेळी येतात. २०२५ च्या ऑक्टोबरअखेरीस, आपल्याकडे दिवाळी नुकतीच सरलेली असताना, हुएजवळच्या बाक मा पर्वतावर २४ तासांत १,७०० मिलिमीटरहून अधिक पाऊस नोंदवला गेला. २६ जुलै २००५ च्या प्रलयात सांताक्रूझ येथे ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता, हे ज्या मुंबईकरांना आठवते त्यांना या आकड्याचा अर्थ वेगळा सांगावा लागणार नाही. त्या आठवड्यात थू बोन नदीचे पाणी होई आनच्या जुन्या पेठेत शिरले आणि ज्या गल्ल्यांतील रंगीत कंदिलांची छायाचित्रे प्रत्येक जाहिरातीत असतात, त्या गल्ल्यांतून होड्या फिरल्या. ही एका वर्षाची विपरीत घटना म्हणून सोडून देता येत नाही. होई आनच्या जुन्या घरांमध्ये भिंतीवर निरनिराळ्या वर्षांच्या पुराच्या उंचीच्या खुणा करून ठेवलेल्या आहेत आणि तेथील व्यापारी कुटुंबे पिढ्यानपिढ्या पाणी चढू लागताच सामान वरच्या मजल्यावर नेत आली आहेत. स्थानिकांना जे इतके सवयीचे आहे, ते आपल्या प्रवाशांना पैसे भरण्यापूर्वी कोणी सांगत नाही.

आमच्या परिचयातील एका कुटुंबाने दिवाळीत असेच सर्व आरक्षण आधी करून ठेवले होते. आजी, आजोबा आणि दोन नातवंडे अशी मंडळी बरोबर होती. दा नांगमधील मुक्काम त्यांनी हॉटेलच्या खोलीत काढला. किनाऱ्यावर लाल झेंडा होता आणि होई आनला गाडी जाऊ शकली नाही. सहल आयोजकाचे म्हणणे होते की पाऊस कोणाच्या हातात नसतो. ते खरेच, पण कोणत्या महिन्यात कोणत्या किनाऱ्यावर पाऊस असतो, ही माहिती देणे मात्र आयोजकाच्या हातात निश्चित असते.

दिवाळीत व्हिएतनामला जाऊच नये, असे माझे म्हणणे मुळीच नाही. उलट हनोईसाठी ऑक्टोबर-नोव्हेंबर हा वर्षातील उत्तम काळ आहे. उकाडा ओसरलेला असतो, आकाश बहुधा मोकळे असते आणि पायी फिरण्याचे त्या शहराचे खरे सुख तेव्हाच मिळते. होआन किएम तलावाभोवतीचे रस्ते शुक्रवारी संध्याकाळपासून रविवारपर्यंत वाहनांसाठी बंद असतात, त्यामुळे मुलांना घेऊन फिरायचे असेल तर हनोईचा मुक्काम शनिवार-रविवारी पडेल असे पाहावे. एरवी दुचाक्यांच्या त्या अखंड लोंढ्यातून रस्ता ओलांडणे वयस्कर माणसांना खरोखर कठीण जाते. १०७० मध्ये स्थापन झालेले, कन्फ्यूशियसला वाहिलेले साहित्य मंदिर, त्याच्या अंगणातील कासवांच्या पाठीवर उभे केलेले आणि परीक्षा उत्तीर्ण झालेल्या विद्वानांची नावे कोरलेले ८२ शिलालेख, हे मुलांना आवर्जून दाखवावे. हो ची मिन्ह यांची समाधी पाहायची असेल तर ती फक्त सकाळी उघडी असते आणि सोमवारी व शुक्रवारी बंद असते.

दिवाळीत समुद्र हवा असेल तर हनोईपासून गाडीने अडीच-तीन तासांवरील हा लॉन्गचा उपसागर आहे. तेथे पोहण्यापेक्षा नौकेतून चुनखडीच्या डोंगरांमधून फिरणे हेच मुख्य. आणि ज्यांना वाळू, लाटा आणि निवांतपणा हवा आहे, त्यांनी दा नांगऐवजी देशाच्या दक्षिण टोकाजवळचे फू क्वोक बेट निवडावे. हे बेट थायलंडच्या आखातात, कंबोडियाच्या किनाऱ्याजवळ आहे आणि त्याचे ऋतुचक्र आपल्या कोकणाशी मिळतेजुळते आहे. मे ते ऑक्टोबर पाऊस आणि खवळलेला समुद्र, नोव्हेंबर ते एप्रिल कोरडी हवा. हो ची मिन्ह सिटीपासून विमानाने तासाभराचे अंतर असल्यामुळे शहर आणि किनारा यांची जोडणीही सोपी होते. मुलांसाठी बेटाच्या दक्षिण टोकापासून होन थोम बेटापर्यंत समुद्रावरून जाणारा सुमारे आठ किलोमीटरचा दोरमार्ग हे मोठे आकर्षण आहे.

येथे आपल्या पंचांगाचाही विचार करावा लागतो. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आल्यामुळे लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे, म्हणजे फू क्वोकचा कोरडा काळ सुरू होत असतानाच दिवाळीची सुट्टी येते. २०२७ मध्ये लक्ष्मीपूजन २९ ऑक्टोबरला आहे. त्या वर्षी सुट्टीच्या आरंभी बेटावर पाऊस रेंगाळलेला असण्याचा संभव अधिक, म्हणून आधी हनोई आणि हा लॉन्ग करून बेटावर शेवटी जाणे शहाणपणाचे ठरेल. ज्या कुटुंबांची सहल दिवाळीतच व्हावी असा आग्रह असतो, त्यांनी दरवर्षी तारीख पाहून हा क्रम नव्याने लावला पाहिजे.

मे महिन्यात सारेच चित्र उलटते. तेव्हा फू क्वोकला पाऊस सुरू होत असतो आणि दा नांग, होई आन व त्याखालील न्हा ट्रांगचा किनारा उत्तम असतो. आम्ही कुटुंबीय मे महिन्यात गेलो होतो, तेव्हा दा नांगच्या मी खे किनाऱ्यावर पहाटे पाच वाजता गावातील आबालवृद्ध समुद्रस्नानासाठी उतरलेले पाहिले आणि आम्हीही तेच वेळापत्रक धरले. सकाळी आठनंतर ऊन सोसवत नाही. दुपार खोलीत किंवा एखाद्या संग्रहालयात काढून संध्याकाळी पुन्हा बाहेर पडावे. आपल्याकडच्या बहुतेक सहलींत नेमके दुपारी बारा ते तीन या वेळात मंडळींना उघड्यावरील स्थळे दाखवली जातात, आणि त्यात मुलांचे हाल होतात. मे महिन्यात जाणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावे, ते म्हणजे ३० एप्रिल आणि १ मे या त्यांच्या राष्ट्रीय सुट्ट्या आहेत. त्या दिवसांत देशातील सारी कुटुंबे किनाऱ्याकडे निघतात, खोल्यांचे दर चढतात आणि आगगाड्यांची तिकिटे मिळत नाहीत. आपल्या मुलांच्या परीक्षा संपताच निघण्यापेक्षा आठवडाभर थांबून निघाल्यास गर्दी टळते.

दा नांगच्या मुक्कामात दोन गोष्टींसाठी वेळ राखून ठेवावा, असे मी आग्रहाने सांगेन. पहिली म्हणजे हुए ते दा नांग हा साधारण तीन तासांचा आगगाडीचा प्रवास. रस्त्याने गेल्यास २००५ मध्ये खुल्या झालेल्या हाय वान बोगद्यातून गाडी झटकन पलीकडे निघते, परंतु लोहमार्ग डोंगराच्या कडेने समुद्राला लगटून वळणे घेत जातो आणि खिडकीतून खाली निर्मनुष्य पुळणी दिसत राहतात. दुसरी म्हणजे ‘मी सॉन’ या ठिकाणचे प्राचीन हिंदू देवळांचे अवशेष. आजच्या मध्य व्हिएतनामच्या भागातील प्राचीन चंपा राज्याच्या भद्रवर्मन राजाने चौथ्या शतकात येथे भद्रेश्वर नावाने शिवलिंगाची स्थापना केली आणि पुढे अनेक शतके तेथे विटांची देवळे उभी राहत गेली. १९६९ मधील बाँबहल्ल्यात त्यांतील फार मोठा भाग नष्ट झाला. उरलेल्या देवळांपैकी काहींचे जतन भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाने केले असून, ते काम चालू असतानाच २०२० च्या मे महिन्यात नवव्या शतकातील एकसंध वालुकाश्माचे शिवलिंग तेथे सापडले. दरीत उभे असलेले ते विटांचे भग्न मंदिर आणि त्यावरील संस्कृत शिलालेख पाहताना आपल्या मुलांना जे समजेल, ते पाठ्यपुस्तकातील अर्ध्या पानातून समजत नाही. खेदाची बाब अशी की अनेक सहलींत बा ना टेकड्यांवरील नव्याने बांधलेल्या सोनेरी पुलासाठी संपूर्ण दिवस दिलेला असतो आणि मी सॉनचे नावही नसते. पूल पाहावा, त्यात गैर काही नाही. पण होई आनहून ४० किलोमीटरांवरील मी सॉन चुकवू नये. तेथे सकाळी लवकर पोहोचावे, कारण दहानंतर ती दरी तापते.

शहरे किती आणि किनारा किती, हा प्रश्न घरोघरी वादाचा होतो. तरुण मंडळींना शहरे हवी असतात, मुलांना पाणी हवे असते आणि वडीलधाऱ्यांना रोज बॅगा भरण्याचा कंटाळा असतो. मला वाटते की एका सुट्टीत दोन शहरे आणि एकच किनारा याहून अधिक काही घेऊ नये. हनोईला उतरून हो ची मिन्ह सिटीहून परतण्याचे तिकीट काढल्यास आलेल्या वाटेने परत फिरावे लागत नाही. किनाऱ्याचा मुक्काम सहलीच्या उत्तरार्धात ठेवावा, म्हणजे शहरांत झालेली दमणूक तेथे निघून जाते. परतीच्या विमानाआधीची शेवटची रात्र मात्र मोठ्या शहरातच काढावी. वादळी हवेत बेटावरील अथवा किनाऱ्यावरील विमान रद्द झाले, तर मुंबईचे विमान चुकण्याची वेळ येऊ नये. हा लॉन्गच्या नौकांनाही वादळाच्या सूचनेनंतर बंदर सोडण्याची परवानगी मिळत नाही, म्हणून तेथील रात्रीला लागूनच दुसऱ्या दिवशीचे विमान ठेवू नये.

नौकेचा विषय निघाला म्हणून थोडे गंभीरपणे लिहितो. १९ जुलै २०२५ रोजी हा लॉन्गच्या उपसागरात अचानक आलेल्या वादळी वाऱ्याने पर्यटकांची नौका उलटली आणि तीसहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत सुट्टीवर आलेल्या कुटुंबांतील मुलेही होती. जुलै ते सप्टेंबर हे उत्तर किनाऱ्यावर वादळांचे महिने आहेत. कोणत्याही महिन्यात नौकेवर पाऊल ठेवताच मुलांच्या मापाची जीवरक्षक जाकिटे आहेत का हे विचारावे आणि छायाचित्रासाठी ती काढून ठेवू नयेत. किनाऱ्यावर लाल झेंडा असेल तर गुडघाभर पाण्यातही उतरू नये. आपल्याकडे अलिबाग-मुरूडपासून तारकर्लीपर्यंत स्थानिकांनी हटकूनही पाण्यात गेलेल्यांच्या दुर्घटना दरवर्षी वाचाव्या लागतात. परदेशात भाषाही कळत नसताना तर अधिकच सावध राहिले पाहिजे.

शाकाहारी कुटुंबांच्या मनातील धास्ती मी जाणतो. व्हिएतनामी स्वयंपाकात माशांपासून केलेला न्युओक माम हा खारट रस भाज्यांतही सर्रास घातला जातो, त्यामुळे केवळ ‘मांस नको’ असे सांगून भागत नाही. परंतु बौद्ध परंपरेमुळे तेथे संपूर्ण शाकाहारी भोजनालये गावोगावी आहेत आणि त्यांच्या पाट्यांवर ‘चाय’ असा उच्चार असलेला शब्द लिहिलेला असतो. चांद्रमासाच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी अनेक स्थानिक लोकही शाकाहार पाळतात, त्यामुळे त्या दिवशी नेहमीच्या ठिकाणीही असे पदार्थ सहज मिळतात. केवळ भारतीय जेवण मिळावे म्हणून शहराच्या दुसऱ्या टोकाला बस नेणाऱ्या सहलींत दिवसाचे दोन तास जातात, हे माझ्या मते टाळता येण्याजोगे आहे.

कागदपत्रांबाबत फार लिहिण्याची गरज नाही, कारण व्हिएतनामचा ई-व्हिसा तुलनेने सोपा आहे. एकदाच्या प्रवेशासाठी शुल्क २५ डॉलर असून तो ९० दिवसांपर्यंत मिळतो, आणि प्रत्येक मुलासाठी वेगळा अर्ज करावा लागतो. अर्ज तेथील सरकारच्या अधिकृत संकेतस्थळावरच करावा. हुबेहूब दिसणारी आणि दुप्पट-तिप्पट शुल्क घेणारी इतर संकेतस्थळे पुष्कळ आहेत. फू क्वोकला व्हिसा लागत नाही, असे जे सांगितले जाते ते परदेशातून थेट बेटावर जाणाऱ्यांपुरते आणि ३० दिवसांपुरते खरे आहे. आधी हनोई किंवा हो ची मिन्ह सिटीत राहायचे असेल तर व्हिसा काढलाच पाहिजे. प्रवास विमा घेताना वादळामुळे सहल रद्द झाल्यास काय मिळते, हे कलम वाचूनच सही करावी.

हीच गोष्ट थायलंडलाही लागू आहे. फुकेत आणि क्राबी हा अंदमान समुद्राकडील किनारा मे ते ऑक्टोबर पावसाचा असतो, तर आखाताकडील सामुई बेटावर ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये पाऊस असतो. एकाच देशाचे दोन किनारे परस्परविरुद्ध ऋतूंचे आहेत, आणि तरीही मे महिन्यात फुकेतच्या सहली निळ्याशार पाण्याच्या छायाचित्रांसह विकल्या जातात.

संपादक महोदय, आपल्या पुरवणीत प्रत्येक परदेशी किनाऱ्याच्या लेखासोबत बारा महिन्यांची एक छोटी चौकट छापावी, अशी माझी विनंती आहे. कोणत्या महिन्यात पाऊस, कोणत्या महिन्यात समुद्र खवळलेला आणि त्या देशाच्या स्वतःच्या सुट्ट्या कधी, एवढी माहिती त्यात असली तरी पुरे. सहलीची जाहिरात देणाऱ्यांनाही तारखांच्या शेजारी त्या काळातील सरासरी पाऊस देण्याची अट आपण घालू शकाल का, याचा विचार व्हावा. मध्यमवर्गीय कुटुंब दोन-तीन वर्षांची बचत एका सहलीवर खर्च करते आणि दिवाळीसाठीचे पैसे बहुधा गणपतीच्या आधीच भरून मोकळे होते, म्हणून ही चौकट जुलै महिन्यापासूनच प्रसिद्ध होऊ लागली तर तिचा उपयोग होईल.

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त भूगोल शिक्षक, वाई